निळा, लाल की तपकिरी?

प्रश्न : सेलूत माझं डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर मराठी टायपिंग आणि आकड्यांचे तक्ते. साधा कीबोर्ड वर्षभरात बसतो. तीन हजारांत मेकॅनिकल घ्यायचाय, म्हणजे दर बटणाखाली वेगळा स्विच असलेला. स्विच कोणत्या रंगाचे, कीकॅप (बटणांवरच्या टोप्या) कसल्या?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाऊ, निळ्या स्विचच्या नादी लागू नका. मी लागलो होतो. लातूरच्या घरी रात्री लिहायला बसलो की आई आतून विचारायची, "आत्ता कोण सुपारी कातरतंय?" निळा दर दाबाला टकटकतो; गिऱ्हाईक मजकूर सांगत असताना तो नकोच. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या मापात लाल 45 ग्रॅम दाबाला उमटतो, तपकिरी 55 ला. लाल सरळ खाली जातो, बोट चुकून टेकलं तरी अक्षर पडतं. तपकिरीत मध्येच बारीक अडथळा लागतो, टकटक नाही. तुम्ही तपकिरीच घ्या.

बोर्ड 104 बटणांचा. आकड्यांचा भाग तर तुमची रोजीरोटी. हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच उपटून बदलता येणारा, मिळाला तर उत्तम, बिघडलेला एकच स्विच डाग न देता बदलता येतो. मात्र स्वस्त बोर्डांतली काही सॉकेटं (स्विच बसायच्या खाचा) औटेमू कंपनीच्या स्विचसारख्या बारीक पिनांचेच स्विच घेतात. आधी विचारा.

कीकॅप पीबीटी प्लॅस्टिकच्या. एबीएस प्लॅस्टिकच्या बोटांच्या तेलाने लवकर गुळगुळीत, चकचकीत होतात. देवनागरी छापलेला सेट शोधत बसू नका, इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची बटणांवरची मांडणी, हाताला पाठ असतेच. नवीन पोरगा ठेवलात तर स्टिकर लावा. आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या फुफाट्यासाठी कॅप उपटायचा चिमटा अन् रंगाचा जुना ब्रश गल्ल्यातच ठेवा.