मागून ठोकलं, पुढे आदळलं, सर्व्हेअर म्हणतो हे दोन अपघात

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. ऑफिसमधून घरी येताना हायवेवर गोरेगावजवळ धो धो पाऊस, ट्रॅफिक मुंगीच्या पावलाने चाललेलं, मी रिक्षाच्या मागे ब्रेक मारून उभा होतो आणि मागून एका टुरिस्ट टॅक्सीने जोरात ठोकलं, त्या धक्क्याने माझी वॅगन आर पुढच्या रिक्षावर गेली. रिक्षावाला भडकला म्हणून त्याला जागेवरच यूपीआयने 3000 रुपये दिले, टॅक्सीवाला तेवढ्यात सटकला पण नंबरचा फोटो आहे माझ्याकडे. डिकी, मागचा बंपर, पुढचं ग्रिल, एक हेडलाइट असं धरून 46,000 चं एस्टिमेट आलं. विमा कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेल्या सर्व्हेअरने फक्त मागचं मंजूर केलं. म्हणतो पुढचं नुकसान हा वेगळा अपघात, तुम्ही अंतर ठेवलं नाही, चूक तुमची, आणि रिक्षावाल्याला पैसे दिलेत म्हणजे चूक कबूलच केलीत. एजंट म्हणतो वाद घालू नका, मिळतंय ते घ्या. हा निर्णय बदलून घेता येतो का?
एक वाचक, बोरिवली

उत्तर: येतो, आणि तुम्ही तो बदलून घ्यावाच असं मला वाटतं, कारण सर्व्हेअरने दिलेलं कारण मुळात टिकणारं नाहीये.

तुमची पॉलिसी पॅकेज आहे असं धरून सांगते, म्हणजे त्यात थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) आणि ओन डॅमेज दोन्ही आहे. ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आपली कंपनी भरते, चूक कोणाची का असेना. तुम्ही स्वतः जाऊन भिंतीवर गाडी घातलीत तरी कंपनी पैसे देते, त्यासाठीच तर आपण वेगळा प्रीमियम भरतो! दारू पिऊन चालवणं, लायसन्स नसणं, प्रायव्हेट गाडी भाड्याने फिरवणं, अपघात नसताना झालेली झीज किंवा इंजिनाचा बिघाड, असल्या गोष्टींना पॉलिसीत नकार असतो. ‘अंतर ठेवलं नाही’ असा नकार त्यात कुठेच नसतो. म्हणजे वादापुरतं सर्व्हेअरचं म्हणणं शंभर टक्के खरं मानलं, तुम्हीच आधी रिक्षाला ठोकलंत असं धरलं, तरी पुढचं नुकसान शून्य होत नाही, फार तर तो दुसरा क्लेम होतो आणि कंपलसरी डिडक्टिबल (दर क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम) दुसऱ्यांदा कापलं जातं, जे 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये असतं. चूक तुमची म्हणून ग्रिल आणि हेडलाइट देणार नाही असं कुणी तोंडी सांगत असेल तर त्याला एवढंच म्हणा की पॉलिसीतलं कलम दाखवा आणि लेखी द्या.

तेव्हा पत्र लिहिताना ‘माझी चूक नव्हती’ हा मुद्दा पहिला घेऊ नका. पहिला मुद्दा हा की नकार कुठल्या कलमाखाली. दुसरा मुद्दा हा की धक्का मागून आला आणि त्याच धक्क्यात गाडी पुढे गेली, त्यामुळे अपघात एकच, डिडक्टिबलही एकच.

आता हे दाखवायचं कसं. मी बरीच वर्षं क्लेमच्या फायली बघितल्यात, साखळी अपघातात सगळ्यात उपयोगी साक्षीदार असतो तो सगळ्यात पुढच्या गाडीचा ड्रायव्हर, कारण त्याला एकच गोष्ट विचारायची असते: धक्का एक बसला की दोन? मागच्याने ढकलल्यामुळे तुम्ही त्याच्यावर गेला असाल तर त्याला एकच दणका बसलेला असतो. तुम्ही आधी ठोकलं आणि मग तुम्हाला मागून ठोकलं असेल तर त्याला दोन जाणवतात, मध्ये क्षणभराचं का होईना अंतर असतं. आणि तुमचा साक्षीदार तुम्हाला सापडण्यासारखा आहे, कारण ज्या यूपीआयच्या पैशावरून सर्व्हेअर तुम्हाला गुन्हेगार ठरवतोय त्याच एन्ट्रीत रिक्षावाल्याचं नाव आहे, बहुतेक नंबरही मिळेल! त्याला फोन करा, शांतपणे बोला, एका कागदावर तारीख, वेळ, जागा, रिक्षाचा नंबर आणि ‘मागून एकच धक्का बसला’ असं त्याच्या शब्दांत लिहून सही घ्या. पण तो दोन धक्के म्हणाला तर जबरदस्तीने एक लिहून घेऊ नका, मग दुसऱ्या डिडक्टिबलवर भांडण सोडा आणि फक्त नकारावर भांडा.

गाडीही बोलते. उभ्या गाडीला मागून मार बसला की सहसा मागचं नुकसान मोठं आणि पुढचं किरकोळ असतं. डिकीच्या खालचा पत्रा दुमडलाय का, बंपरच्या आतली पट्टी वाकलीय का, हे गॅरेजवाल्याला गाडी खोलायच्या आधी मोबाइलवर जवळून शूट करायला सांगा. एकदा पार्ट भंगारात गेले की तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. हायवेला लागून असलेल्या पेट्रोल पंपाचं, शोरूमचं सीसीटीव्ही मिळत असेल तर आजच जा, त्यांचं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं.

पैसे दिल्याबद्दल. पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय समोरच्याला काही कबूल करायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. त्यामुळे ते 3000 कंपनीकडून परत मिळतील ही आशा सोडा. पण ती अट समोरच्याच्या दाव्यासाठी आहे, भर पावसात रस्ता अडलेला असताना भांडण मिटवायला दिलेल्या पैशावरून तुमच्या ग्रिलचा क्लेम ठरत नाही. हे लपवू नका, पत्रात सरळ लिहा.

क्लेम फॉर्मची कॉपी मागवून घ्या. खूपदा तो फॉर्म गॅरेजमधला मुलगा किंवा एजंट भरतो आणि ‘अपघात कसा झाला’ ह्या रकान्यात ‘गाडी पुढच्या रिक्षाला लागली’ एवढंच खरडतो, टॅक्सीचा उल्लेखच नसतो, आणि सर्व्हेअर तेवढंच वाचतो. तसं झालं असेल तर खुलासा ईमेलने पाठवा, सोबत टॅक्सीच्या नंबरचा फोटो जोडा. सर्व्हे रिपोर्टचीही कॉपी मागा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरने 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट आल्यावर कंपनीने 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. रिपोर्ट वाचताना एक बघा, बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा (पार्टची किंमत वापराने उतरते म्हणून होणारी कपात) कापतात, झिरो डेप, म्हणजे ही कपात टाळणारं जादा कव्हर, घेतलं नसेल तर ती कपात बरोबरच आहे, तिच्यावर वेळ घालवू नका.

आणि गाडी सोडवायची घाई असली तरी ‘पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली’ अशा व्हाउचरवर गुपचूप सही करू नका. सही करावीच लागली तर बाजूला लिहा की ही अंशतः रक्कम आहे, उरलेल्या रकमेचा हक्क राखून घेतली, आणि त्या पानाचा फोटो काढा.

मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला ईमेल, तिथे दोन आठवड्यांत काही झालं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार. कंपनीने नकार दिला, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे, तुम्हाला लोकल पकडून जाता येईल, पण तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही, पटला नाही तर तुम्हाला ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. मात्र आधीच ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल तुमचं प्रकरण घेणार नाहीत, त्यामुळे हा क्रम उलटा करू नका.

टॅक्सीवाल्याच्या विमा कंपनीकडून वसुली करायची तर ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत. पण तुमच्या कंपनीने दिलेले पैसे तिथे पुन्हा मागता येत नाहीत, राहिला घसारा आणि डिडक्टिबल, तेवढ्यासाठी कोर्टाच्या तारखा घ्याव्यात असं मला वाटत नाही.

प्रश्न: सोसायटीच्या गेटवर स्कूटरवाल्याने गाडीचं दार चेपवलं. चूक पूर्ण त्याची, वॉचमनने बघितलंय. खर्च 7000. चूक आपली नसेल तर क्लेम घेतला तरी एनसीबी (नो क्लेम बोनस) राहतो ना?
एक वाचक, परळ

उत्तर: नाही राहत. एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, चूक कोणाची हे तिथे बघतच नाहीत, वॉचमनची साक्ष इथे कामाची नाही. तुमचा एनसीबी 50 टक्क्यांवर असेल तर एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि मग दर वर्षाला 20, 25, 35, 45 असा चढत परत 50 ला जातो. ह्या सगळ्या वर्षांत मिळून जी सूट हुकते ती ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट होते. प्रीमियम 8000 धरला तर 10,000 रुपये, गाडी जुनी होत जाते तसा प्रीमियम उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. हातात येणार 7000 वजा डिडक्टिबल 1000, म्हणजे 6000, घसारा लागला तर त्याहून कमी. तेव्हा स्कूटरवाल्याशी बोलून त्याच्याकडून खर्च घ्या, नाहीतर दार स्वतः करून घ्या. एनसीबी प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन असेल किंवा तुमचा एनसीबी आत्ता 20 टक्केच असेल तर गणित बदलतं, मग रिन्यूअलचा कागद समोर घेऊन हाच हिशोब पुन्हा करा. अ‍ॅड-ऑन असलं तरी वर्षात किती क्लेमपर्यंत ते चालतं ते पॉलिसीत वाचा, काहींमध्ये एकच क्लेम चालतो, आणि तो एक दाराच्या पोच्यावर घालवायचा का ते ठरवा.