मुलगा नाताळच्या रात्री चर्चला यायला नाही म्हणतो, आजोबांचा मात्र हट्ट आहे. ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे वचन दाखवून त्याला न्यावं का?

नाही. मुलगा 20 वर्षांचा आहे, आजोबांच्या हट्टासाठी वचनाचा धाक घालून त्याला चर्चमध्ये आणून बसवू नका. एकदा मनापासून सांगा आणि सोडा. मी संडे स्कूलला शिकवतो. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन, म्हणजे हेच, सगळ्या पालकांना तोंडपाठ असतं, चौथं मात्र कुणी म्हणून दाखवत नाही. त्यात बापांना बजावलंय की मुलांना चिडीला आणू नका. नाताळच्या कथेतलं आज्ञापालनसुद्धा धाकातून आलेलं नाही. तुला मुलगा होईल असं देवदूत सांगतो, तेव्हा मरीया आधी त्याला विचारते, हे कसं होईल? उत्तर मिळाल्यावर मग हो म्हणते (लूक 1:34-38). तिच्याशी लग्न ठरलेला योसेफ तर तिला गुपचूप सोडायच्या विचारात होता. स्वप्नात देवदूत बोलल्यावर उठला आणि सांगितलं तसं केलं (मत्तय 1:19-24). शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, हेही आपण विसरतो.

फक्त एक: तुम्ही कॅथलिक असाल तर नाताळचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. 24 तारखेच्या संध्याकाळचा मिस्साही त्यात धरला जातो, तेव्हा अडचण मध्यरात्रीच्या थंडीची किंवा मित्रांच्या बेताची असेल तर तिथेच मिटेल. पण ते बंधन त्याने स्वतः पाळायचं आहे. 25 ला दुपारी आजोबांसोबत जेवायला बसणं ही वेगळी गोष्ट, तिथे सूट देऊ नका.