घरी काय शिल्लक आहे, ते आधी विचारा

नमस्कार. जयगड खाडीच्या बाजूला तुम्ही नवीन मेडिकल टाकलंय. लोक महिन्याची चिठ्ठी दाखवून दहाच गोळ्या मागतात, म्हणून तुम्ही स्वस्त जेनेरिक (औषध तेच, नावाजलेला ब्रँड नाही) ठेवलीत, आणि आता विचारताय की जुनी ब्रँडवाली गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे कशी वळवू. त्यातल्या ‘वळवू’ या शब्दावर मी अडकलो. हेच काम, याच चांगल्या हेतूने, मी बारा वर्षांपूर्वी केलं होतं. म्हणून जरा लांब लिहितोय.

लायसन्स, फार्मासिस्टची हजेरी, खरेदीची बिलं हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियमाबद्दल जे लिहितोय त्याची खात्री तुमच्या औषध निरीक्षकांकडून करून घ्या.

आमचं दुकान देवगड तालुक्यात, बंदराच्या वाटेवर. जून-जुलैत मासेमारी बंद असते. आंब्याचे पैसे तोवर घरदुरुस्तीत आणि शाळेच्या खर्चात गेलेले असतात. अशा वेळी घरातून सगळ्यात आधी सुटतात त्या बीपी आणि शुगरच्या गोळ्या, कारण त्या न घेतल्याने त्या दिवशी काही दुखत नाही. तुमच्याकडे येणारी दहा गोळ्यांची मागणी याच घरांतली असणार.

अशाच एका जुलैत सत्तरीची एक काकी आली. अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि अ‍ॅटेनोलॉल ५० एकत्र असलेली बीपीची गोळी तिला वर्षानुवर्षं चालू होती, नावाजलेल्या कंपनीची. पदराच्या गाठीतले पैसे मोजून म्हणाली, पाचच दे. मी तीच दोन औषधं, तेवढ्याच ताकदीची, जेनेरिक पाकिटातली दिली. तेवढ्याच पैशांत पंधरा गोळ्या बसल्या. ‘काकी, हे तेच आहे, फक्त स्वस्त आहे,’ एवढंच बोललो. दुकानात गर्दी होती. त्या दिवशी आपण काहीतरी चांगलं केलं, असं वाटत घरी गेलो.

त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या मुलाने कुणा गाववाल्याच्या हाती जुन्या ब्रँडची दोन पाकिटं धाडली. जुनी गोळी पांढरी, मी दिलेली पिवळसर. नाव वेगळं, पाकीट वेगळं. काकीने दोन्ही सुरू ठेवल्या. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, ‘झिलान धाडलेली पण घेतंय आणि तू दिलेली पण. वाया कित्याक घालवू?’ तिच्या हिशेबाने त्यात काहीच चूक नव्हती. दोन पाकिटांत एकच औषध आहे, हे तिला सांगणं माझं काम होतं.

दहाव्या दिवशी पडवीच्या ओल्या पायरीवर चक्कर येऊन ती पडली. डॉक्टरांना नाडी चाळिशीत सापडली, औषध दुप्पट गेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलाने मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, काकी वाचली. पण पुन्हा काठीशिवाय चालली नाही, आणि गावचं घर बंद झालं ते झालंच.

आमच्या डॉक्टरांनी मला बोलावून एकच विचारलं, ‘तुम्ही बदललंत, तर मला का नाही सांगितलंत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दोन वर्षं ते पेशंटना दुसऱ्या गावातून औषध आणा म्हणून सांगत होते. नुकसान झालं, पण मी त्यांना दोष देत नाही.

नियमही त्यांच्याच बाजूने होता. औषध नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६५ (११अ) काढून वाचा. चिठ्ठीत शेड्यूल एच किंवा एक्समधलं (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या यादीतलं) औषध असेल, तर त्याऐवजी दुसरं कुठलंही औषध देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असताना काउंटरवर बदलून देणं हे आपल्या हातात नाही. ते हातात येतं डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, म्हणजे ब्रँडऐवजी आतल्या घटकाचं नाव, लिहिलं तरच. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच तसं सांगितलंय: मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याहून कडक नियम आला होता, तो त्याच महिन्यात स्थगित झाला. म्हणजे कायद्याच्या धाकाने काही होणार नाही. जाऊन बोलावं लागतं.

मी काय केलं ते सांगतो. आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारी वीस औषधं एका कागदावर लिहिली. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन अशी. प्रत्येकापुढे महिन्याचा खर्च, नेहमीच्या ब्रँडचा आणि जेनेरिकचा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तोही दुपारी, ओपीडी संपल्यावर. पहिल्यांदा त्यांनी कागद परत दिला. दुसऱ्या वेळी विचारलं, माल कुठल्या कंपनीचा, बॅचचा तपासणी अहवाल दाखवशील का? मी स्टॉकिस्टकडून (घाऊक विक्रेत्याकडून) मागवून दाखवला. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच तीन पेशंटना मूळ नावाने लिहून दिलं. वर्षभरात निम्म्या चिठ्ठ्या तशा येऊ लागल्या.

काही औषधं त्या कागदावर मुद्दाम घेतली नव्हती: फिटच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. यांत थोडा फरकही महागात पडू शकतो. चालू असलेली कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, दर महिन्याला तर अजिबात नाही.

आता एक गोष्ट मनात खदखदतेय ती बोलतो. सगळं ‘जेनेरिक’ पेशंटला स्वस्त पडत नाही. दहा गोळ्यांच्या पाकिटावर छापील किंमत ऐंशी आणि आपली खरेदी बारा, अशी बिलं मी स्वतः पाहिलीत. दुकानदार वीस टक्के सूट देतो, पेशंट खूश होतो, आणि मधले पन्नासेक रुपये दुकानात राहतात. मला हे पटत नाही. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशात ज्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलीय, तिथे दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय. त्याच्या आसपास राहूनही दुकान चालतं, मी चालवतोय. छापील किमतीपेक्षा कमी घ्यायला कुणी बंदी केलेली नाही. जनऔषधी केंद्राचा माल यासाठीच बरा वाटतो, तिथे छापील किंमतच कमी असते. तुमच्या जवळ केंद्र असेल तर त्याच्याशी स्पर्धा करू नका. तुमच्याकडे नसलेलं औषध तिथे मिळतं, हे पेशंटला सरळ सांगा.

आणि ज्याला तेही परवडत नाही, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, आणि बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या बहुतेक वेळा तिथे असतात. गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरू नका. तिथला साठा संपला की ते तुमच्याकडेच येतं.

सुट्या गोळ्या द्याव्या लागणारच. कापताना बॅच आणि एक्सपायरी असलेला भाग शेवटपर्यंत ठेवा, पैसे गोळीच्या हिशेबानेच घ्या. कागदी पाकिटावर मराठीत लिहा: ‘बीपीची, सकाळी एक, जुनी असेल तर ती बंद’. हे शेवटचे पाच शब्द काकीनंतर मी एकदाही चुकवले नाहीत. गणपतीनंतर चाकरमानी परत गेले की पेशंटना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून दुकानात आणायला सांगतो. एका घरात एकाच औषधाची तीन नावं निघतात. मुंबईहून एक आलेलं असतं, सरकारी दवाखान्यातलं एक, आपलं एक.

जाता जाता इन्सुलिनचं सांगतो. पावसात लाइट गेली की लोक माठात ठेवतात. घाटावरच्या कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो. आपल्याकडच्या दमट हवेत तेवढा होत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. उघडलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते, आतला कागद बघून खात्री करा. न उघडलेल्या बाटल्या मात्र २ ते ८ अंशांतच हव्यात. दुकानाच्या फ्रिजला इन्व्हर्टर लावा. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता, ते आठवून बॅटरी घ्या.

पावसाळ्यासाठी किती स्टॉक भरायचा हे तुम्ही शेवटी विचारलंय. ते तुमच्या कुठल्या चिठ्ठ्या मूळ नावाने येतात यावर आहे. आधी कागद करून डॉक्टरांकडे जाऊन या. ते काय म्हणाले ते इथे लिहा, मग आकड्यांचं बोलू.