पाय लांब करायचं ऑपरेशन ठरलंय, शरीराची तयारी काय करू?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बहुतेकांना वाटतं समुपदेशक फक्त "घाबरू नका" सांगणार. पण हाडांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे पाठवलेले पेशंट बसले की अर्धा वेळ खाणंपिणं, झोप आणि संडासावरच जातो, कारण मन बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सातारा भागातली सत्तावीस वर्षांची मुलगी, लहानपणी गुडघ्याखाली फ्रॅक्चर होऊन हाडाच्या वाढीच्या जागेला मार लागला आणि डावा पाय चार सेंटिमीटर आखूड राहिला. चपलेला जाड सोल लावून चालायची, पण आता कंबर दुखायला लागली म्हणून रिंगचं ऑपरेशन ठरलं. म्हणजे हाड कापायचं, बाहेरून रिंगा नि तारा बसवायच्या, साधारण आठवडाभर थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा फिरवून लांबवायचं, मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये इलिझारोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. हिशोब केला तर चार सेंटिमीटरला चाळीस दिवस, पण खरा वेळ त्यानंतर जातो, कारण नवीन हाड कच्चं असतं, ते पक्कं होईपर्यंत रिंग पायात, सगळे मिळून चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त.

ती आली तेव्हा जोरात तयारी चालू होती. पायावर भार कमी पडावा म्हणून एकवेळ जेवत होती, आणि यूट्यूब बघून वजन घेऊन बैठका मारत होती. आई डिंकाचे लाडू करून मागे लागलेली, ते ही खात नव्हती. मी म्हटलं आईचं ऐक, निदान अर्धं. लाडवाने हाड जुळतं असं नाही, पण उपाशी शरीराने हाड भरायचं कसं? डाळ, अंडी, दूध, मासे, जे घरात चालतं त्यातून प्रोटीन वाढवायचं आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं, आपल्याकडे उन्हात राहूनही ते कमी निघतं. बैठकांपेक्षा पोटरी ताणायला शिक म्हटलं, कारण हाड लांबतं पण स्नायू तेवढ्या राजीखुशीने लांबत नाहीत, टाच वर उचलली जाते, गुडघा वाकलेला राहतो. फिजिओनी तिला टॉवेलने पंजा ओढायचा व्यायाम दिला, आणि रिंग बसल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही हेही बजावलं. बरं वाटतं म्हणून सगळे नेमकी तीच ठेवतात! वॉकरवर चालायची सवय आधीच केली, त्यासाठी हातात बळ लागतं.

मग मी विचारलं, तंबाखू? म्हणाली, "छे मॅडम, कधीच नाही." फॉर्मवरही "नाही" लिहिलेलं. पुढच्या वेळी आई सोबत होती, सहज म्हणाली, "सकाळी मिश्री लावल्याशिवाय हिला पोट साफ होत नाही." झालं! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्याकडच्या बायका तिला दात घासायचं सामान समजतात, त्यामुळे कुणी लपवलेलंही नसतं, आठवतच नाही. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला उशीर होतो. ऑपरेशनच्या डॉक्टरांना कळवायचं म्हटल्यावर ती रडली, "तारीख गेली तर?" तारीख पुढे गेलीच, सहा आठवडे. मला विचाराल तर रिंग पायात घेऊन हाड भरायची वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं.

मिश्री सोडताना आम्ही आधी ती लावायच्या वेळा लिहून काढल्या: सकाळी उठल्यावर, दुपारी ऑफिसातून आल्यावर, रात्री झोपताना. सकाळी गरम पाणी आणि साधी पेस्ट, दुपारी बडीशेप, रात्रीची सगळ्यात अवघड. पहिला आठवडा चिडचिड, डोकं दुखणं, पोट बिघडणं, हे होणारच होतं आणि ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. आईनेही डबी हिच्यासमोर उघडायची नाही असं ठरलं. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर असतो, तिने तिथेही फोन केला. एकदा परत लावली, सांगितलं, पुन्हा सुरुवात केली.

घराचं बघायला भाऊ कामाला लावला. कमोडची खुर्ची आणली, कारण रिंग घेऊन भारतीय संडासात बसता येत नाही. गाऊन शिवून घेतले, सलवार रिंगमधून जात नाही. तारा कातडीतून आत जातात तिथली सफाई रोज कोण करणार तेही ठरलं, तिथे लाली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणायची नाही, काही गोळ्यांनी हाड भरायला अडथळा येऊ शकतो.

मन खचतं ते ऑपरेशनच्या दिवशी नाही. तिचं खचलं दुसऱ्या महिन्यात, झोप होत नव्हती, भेटायला येणारे कमी झालेले. असे दिवस येणार हे आधी बोललेलं होतं म्हणून तिने स्वतःच मला फोन केला.

उंची वाढवायला विचारणारी मुलंही येतात, पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर लागतात म्हणून. त्यांना मी आधी विचारते, नंतर १६०० मीटर धावायचंय ते कोणत्या पायांनी, आणि भरतीच्या मेडिकल तपासणीत काय सांगणार? आणि घरी न सांगता करायचं म्हणत असेल तर मी तयारीचं काहीच बोलत नाही, आधी घरी सांग म्हणते, कारण सहा महिने खुर्चीजवळ बादली ठेवायला माणूस लागतो.

तिची रिंग निघालीय. टाच अजून थोडी ताठ आहे, फिजिओ चालू आहे.