सर मलाच वेगळा सराव का देतात?

नाट्यशिबिरात जाणारी मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार हटकून निघते. सर प्रत्येकाला वेगळं शिकवतात. मग मला दिलेलं सोपं आहे, म्हणजे मी कच्ची आहे का? नाशिकला हौशी नाटकाचं वेड जुनं. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की तालमी वाढतात आणि ही धास्तीही. त्यातल्याच एका मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कॉलेज रोडला राहणारी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. वडील जाऊन फार काळ लोटला नव्हता. एकांकिकेत ती बहीण झाली होती आणि भाऊ कायमचा घर सोडतो, तो तिचा मुख्य प्रवेश. सर बाकीच्यांना म्हणत, स्वतःचं एखादं दुःख आठवा आणि मग वाक्य घ्या. हिला म्हणाले, "तू काही आठवू नकोस. तू त्याचा डबा भर." पोळ्या मोजायच्या, भाजी काढायची, झाकण लावायचं आणि ते करता करता संवाद.

"मॅडम, मला रडता येत नाही असंच त्यांना वाटतं. म्हणून हातात डबा दिलाय."

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. इतरांचा सराव ती रात्री घरी गुपचूप करत होती. वडिलांचे दवाखान्यातले शेवटचे दिवस आठवायचे आणि संवाद म्हणायचा. झोप उडाली होती, छातीत धडधड व्हायची. मला काळजी वाटली ती याची. ताजं दुःख रोज ठरवून उकरलं तर ते 'फक्त तालमीपुरतं' आहे हे शरीराला कळत नाही.

आठवणीतून भावना जागवणं म्हणजे वरचा वर्ग आणि हालचालींतून जाणं म्हणजे बालवर्ग, हा समज तिच्यासारखाच अनेकांचा असतो. आठवणींचा तो मार्ग रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्कींनीच रुजवला, पण पुढे त्यांनीच शारीरिक कृतीवर जास्त भर दिला. न्यूयॉर्कमध्ये 1931 साली निघालेल्या ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतले तिघे पुढे नावाजलेले अभिनयशिक्षक झाले. ली स्ट्रासबर्ग आठवणींना धरून राहिले. स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला स्तानिस्लावस्कींना भेटून आल्या आणि कल्पनाशक्ती व नाटकातली परिस्थिती यांवर ठाम झाल्या. सॅनफर्ड माइसनर यांनी समोरच्या नटाकडे लक्ष द्यायला शिकवलं. एकाच घरात तीन वाटा फुटल्या आणि तिन्हींतून मोठे नट घडले. हे तिला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

घरचा सराव तिनं थांबवावा, असं मी स्पष्ट सांगितलं. सरांना विचारायचा प्रश्नही आम्ही मिळून ठरवला. "मी वाईट करते का?" हा नव्हे. "या सरावातून माझ्यात काय यावं असं तुम्हाला वाटतं?" हा.

सरांनी नीट उत्तर दिलं. शिबिराच्या सुरुवातीला तिनं वडिलांबद्दल सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. ती जखम त्यांना वापरायची नव्हती. शिवाय दुःखाचं वाक्य येण्याआधीच तिचा आवाज चढायचा आणि शब्द तोंडातच राहायचे. हात कामात असले की ती भावाचं बोलणं खरोखर ऐकायची.

इथे पालकांना आवर्जून सांगते, 'तुझ्यासाठी खास पद्धत' असं म्हणणारा प्रत्येक जण असा नसतो. कशासाठी हे विचारलं की चिडणारा, सगळ्यांसमोर मुलांच्या घरच्या जखमा उकरणारा, एकटीला बंद खोलीत बोलावून "घरी सांगू नकोस" म्हणणारा शिक्षक असेल, तर ते शिबिर त्याच दिवशी सोडा. फी बुडाली तरी चालेल. आणि मूल असं काही सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

या मुलीनं डबा भरतच तो प्रवेश केला. झोप हळूहळू परतली. नवा सराव मिळाला की आता ती कारण विचारते आणि सर सांगतात. वडिलांविषयीचं बोलणं आम्ही नाटकापासून वेगळं ठेवलं आहे. त्याला अजून वेळ लागेल.