‘लॉर्ड जॉर्ज हेग’ की ‘दुसरे अर्ल हेग’?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल डग्लस हेग यांच्या चित्रकार मुलावर, जॉर्ज हेगवर, मराठीत लेख लिहायचा आहे. बापलेक दोघेही ‘अर्ल’, म्हणजे ब्रिटनमधला एक उमरावी किताब असलेले. त्याचं नाव कुठे ‘अर्ल ऑफ हेग’, कुठे ‘लॉर्ड जॉर्ज हेग’, कुठे ‘अर्ल जॉर्ज हेग दुसरे’ असं दिसतं; मित्रमंडळी तर त्याला ‘डॉइक’ म्हणत. यातलं काय लिहावं?

‘अर्ल ऑफ हेग’ सरळ खोडा. मिंटो हे ठिकाण, म्हणून ‘अर्ल ऑफ मिंटो’. हेग हे आडनाव, म्हणून नुसतं ‘अर्ल हेग’. मराठीत तर हा ‘ऑफ’ जास्तच नडतो, कारण हेग म्हटलं की आपल्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं नेदरलँड्समधलं शहर आठवतं.

‘लॉर्ड जॉर्ज हेग’ कानाला बरं लागतं, पण त्याचा अर्थच वेगळा होतो. ‘लॉर्ड’च्या लगेच पुढे पाळण्यातलं नाव आलं, की तो ड्यूकचा किंवा मार्क्विसचा (हे अर्लच्या वरचे किताब) धाकटा मुलगा समजायचा. टिळकांच्या काळातले भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन हे असे ड्यूकचे धाकटे चिरंजीव. आपले हेग स्वतः किताबाचे धनी होते, म्हणून ते फक्त ‘लॉर्ड हेग’.

आता ‘दुसरे’. हा आकडा नावाला लागत नाही, किताबाला लागतो. भट घराण्यातले दुसरे पेशवे म्हणजे थोरले बाजीराव. ‘दुसरे बाजीराव’ म्हणजे शेवटचे पेशवे. दोन्हींत ‘दुसरे’ आहे आणि माणसं वेगळी. ‘जॉर्ज हेग दुसरे’ लिहिलं की वाचक पहिला जॉर्ज शोधत बसतो, आणि वडिलांचं नाव तर डग्लस. म्हणून ‘दुसरे अर्ल हेग’ असंच लिहावं.

‘डॉइक’ला मी टोपणनाव म्हणणार नाही. जॉर्ज यांचा जन्म १५ मार्च १९१८चा. १९१९ मध्ये वडिलांना एकाच वेळी अर्ल हेग, व्हायकाउंट डॉइक आणि बॅरन हेग असे तीन किताब मिळाले. अर्लच्या वारसाने वडिलांचा खालचा किताब शिष्टाचार म्हणून लावायचा अशी तिथली रीत, त्यामुळे दीड वर्षाचं पोर व्हायकाउंट डॉइक झालं. २९ जानेवारी १९२८ला वडील गेले आणि नऊ वर्षांचा मुलगा अर्ल झाला. कागदोपत्री ‘डॉइक’ तिथेच सुटलं, पण जवळच्यांच्या तोंडी ते जन्मभर राहिलं. लेखात बालपणासाठी ‘डॉइक’ आणि एकेरी ‘तो’ खुशाल ठेवा. अर्ल झाला म्हणून वडील गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला ‘ते’ म्हटलं, तर मला ते वाचताना परकं वाटतं.

या किताबाचं ओझं नुसतं कागदावरचं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल स्कॉट्स ग्रेज या पलटणीत अधिकारी होते. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडले गेले, इटलीतल्या छावण्यांतून पुढे जर्मनीत कोल्डिट्झच्या किल्ल्यात पोहोचले. तिथे नामांकित घराण्यांतले कैदी जर्मनांनी वेगळे काढले होते: ब्रिटनच्या राजाचे भाचे व्हायकाउंट लॅसेल्स, चर्चिल यांच्या पत्नीचे भाचे जाइल्स रोमिली, आणि फील्ड मार्शलचा मुलगा म्हणून हेग. या गटाला जर्मन ‘प्रॉमिनेन्टे’ म्हणत. मराठीत ‘प्रतिष्ठित’ म्हटलं तर सत्कारसमारंभ डोळ्यांपुढे येतो. वेळ पडली तर सौदा करायला ही माणसं राखून ठेवली होती, म्हणून मी ‘मातब्बर ओलीस’ म्हणेन. कैदेत त्यांनी चित्रं काढली. सुटकेनंतर लंडनच्या कॅम्बरवेल कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलं आणि पुढे स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीकाठच्या बेमरसाइड या घरी राहून आसपासचा मुलूख रंगवला. वडिलांवर, विशेषतः फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतल्या भीषण मनुष्यहानीवरून, सतत टीका होत राहिली. मुलाने अखेरपर्यंत त्यांची बाजू मांडली. २००९ मध्ये, ९१व्या वर्षी, ते वारले.

बेमरसाइडमुळे आणखी एक शब्द भेटेल, ‘लेअर्ड’. छपाईत त्याचा ‘लॉर्ड’ होऊ देऊ नका. लेअर्ड हा उमराव नव्हे, पिढीजात जमिनीचा मालक. हेग मंडळी तिथे बाराव्या शतकापासूनची, आणि काही झालं तरी बेमरसाइडला हेग असणारच, असं जुनं भाकीत तिथे सांगतात. १९२१ मध्ये लोकवर्गणीतून हे घर विकत घेऊन फील्ड मार्शलना दिलं गेलं. ‘वतनदार’ जवळचा वाटतो, पण वतनाला चाकरी चिकटलेली असते. ‘लेअर्ड’ तसाच ठेवून एकदा अर्थ सांगावा. ‘अर्ल’चंही तेच, ‘सरदार’ केलंत तर चित्रकाराच्या हाती उगाच तलवार येते. सर्वसाधारण शब्द हवाच असेल तर ‘उमराव’ चालेल.

घरातल्या बायकांची नावंही सांभाळा. ‘लेडी हेग’ म्हणजे आई डोरोथी. एडिंबरोत १९२६ मध्ये युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी छातीवर लावतात ती पॉपीची कृत्रिम फुलं बनवण्याचा, अपंग सैनिकांना काम देणारा कारखाना काढणाऱ्या त्या. थोरली बहीण मात्र अर्लची मुलगी, म्हणून ‘लेडी अलेक्झांड्रा’. इथे पाळण्यातलं नाव लागतंच, आणि इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्याशी लग्न झाल्यावर त्या ‘लेडी अलेक्झांड्रा ट्रेव्हर-रोपर’ झाल्या.