नोव्हेंबरअखेर गोव्यात रात्री दक्षिणेच्या आकाशात काय बघावं? अगस्ती, त्रिशंकू दिसतील का?

अगस्ती (दक्षिणेचा ठळक तारा) दिसेल, त्रिशंकू (क्रूसासारखा तारकासमूह) नाही. त्रिशंकूसाठी मे महिन्यात या, तेव्हा तो रात्री नऊ-दहाला दक्षिणेत उभा असतो.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'नऊ वाजता दक्षिणेला खाली चमकतो तो अगस्तीच ना?' नाही. तो अग्रनद, यमुना तारकासमूहाच्या टोकाचा तारा. याच तार्‍यावरून आमच्या घरात जे झालं ते मी विसरलेलो नाही.

मी सत्तरी तालुक्यातला. आठवीत होतो, व्हडल्या दिवाळीची रात्र. तुळशीचं लग्न लागलं, फोव (पोहे) वाटून झाले, पाहुणे अंगणातच बसले होते. मुंबईला शिकून आलेला थोरला चुलतभाऊ कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) दिशेने बोट करून म्हणाला, "पोफळींच्या शेंड्यावर आहे ना, तो अगस्ती." आजोबा सोप्यावर सुपारी कातरत होते. तिथूनच म्हणाले, "व्याधाचा तारा अजून डोंगराखाली आहे. त्याच्याआधी अगस्ती कुठून येणार?" दादा म्हणाला, "आजोबांना आता लांबचं दिसत नाही." सगळे हसले. आजोबांनी अडकित्ता मिटला आणि आत गेले.

मी अंगणातच थांबलो. पाहुणे गेले, वृंदावनातल्या पणत्या विझल्या. साडेदहाच्या पुढे व्याध डोंगरावर आला. साडेअकरा उलटल्यावर पोफळींवरच्या तार्‍याच्या बरंच डावीकडे, गोठ्याच्या कौलांवर एक तारा उगवला. खाली होता तेव्हा तांबूस, हिरवट असा रंग बदलत लुकलुकत होता; थोडा वर आल्यावर पांढरा झाला. आजोबांना उठवून आणलं. खांबाला धरून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हां, हाच." दादा झोपला होता. सकाळी सांगितलं तर "असेल" म्हणाला. त्यापुढे आजतागायत एक शब्द नाही.

आता तुमचं. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण दहा अंश. साडेसातला दक्षिणेत अर्ध्या उंचीवर एकटाच ठळक दिसतो तो मीनास्य, आपल्यापासून फक्त 25 प्रकाशवर्षांवर. त्याच्या खाली बक तारकासमूह. दहाच्या सुमारास अग्रनद बरोबर दक्षिणेला, दोन मुठींपेक्षा थोडा खाली, म्हणजे 17 अंशांवर. त्याच वेळी आग्नेयेकडे अगस्ती उगवत असतो. डोंगर आड आला तर आणखी अर्धा तास धरा. पहाटे अडीच-तीनला तो सर्वांत उंच, 22 अंशांवर येतो. पुण्याहून दिसतो त्यापेक्षा तीन अंश वर.

किनारा कुठला म्हणून विचारलंत. कुठलाच नको. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यात शॅकचे दिवे. दक्षिण आणि आग्नेय मोकळी असलेला एखादा सडा, म्हणजे कातळाचं पठार, गाठा, सोबत कुणी स्थानिक माणूस आणि बॅटरी घ्या. पौर्णिमेच्या आसपास येत असाल तर बकाचे मंद तारे सोडून द्या. अगस्ती चांदण्यातही दिसतो, आम्हाला दिसला होता.

आणि सोबतचा कुणी नऊ वाजताच अगस्ती दाखवू लागला, तर त्याला आधी व्याध दाखवायला सांगा.